घर कोणाचं ते नंतर बघू, आधी कोण कुठे झोपणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डिचोली तालुक्यातलं मूळ घर अजून आजोबांच्या नावावर, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आता काका आणि चुलतभाऊ म्हणतायत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की तुम्ही आणि आई खोल्या रिकाम्या करा, लाईटचा मीटर काकांच्या ताब्यात. कोण सांगतो कोर्टात जा, कोण सांगतो मीडिएशन, म्हणजे मध्यस्थी करा, आणि तुम्ही विचारताय की ताई, नुसतं समोरासमोर बसून बोलल्याने कोणाचं घर वाचतं का?

वाचतं. दरवेळी नाही, आणि कसं वाचतं ते लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी शाळेत शिक्षिका होते, रिटायर व्हायच्या आधीच लीगल सर्व्हिसेसची (फुकट कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे स्वयंसेविका झाले, मग चाळीस तासांचं मीडिएशनचं ट्रेनिंग केलं, आणि आता बरीच वर्षं उत्तर गोव्यात हेच करते. त्यातली बहुतेक घरभांडणंच. खाली जी उदाहरणं देते त्यात ओळख पटू नये म्हणून गाव, नाती सगळं फिरवलंय.

आधी जीवाला शांतता मिळेल असं एक सांगते. तुम्हाला "काढायचा" अधिकार काकांना नाही. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून लागू आहे आणि वारशाचा नवा कायदा २०१२ चा असला तरी मुळातली गोष्ट तीच राहिली, आजोबांच्या इस्टेटीतला निम्मा भाग मुलांना जायलाच हवा, तो कोणाला मृत्युपत्राने सहज काढून घेता येत नाही, आणि तुमचे वडील गेले म्हणून त्यांचा हिस्सा हवेत गेला असं होत नाही, तो तुमच्याकडे येतो. आईचं तर आणखी पक्कं, कारण आपल्याकडे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. म्हणजे तुमची आई त्या घरात पाहुणी नाही, वाटेकरीण आहे. आणि समजा उद्या जबरदस्तीने कुलूप लावलंच तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्टचं कलम ६ आहे, सहा महिन्यांच्या आत दावा टाकला तर मालकी कोणाची हे न बघता ताबा परत मिळू शकतो.

पण हे झालं कायद्याचं. आता मी इतक्या वर्षांत जे बघितलं ते सांगते. कोर्टाची ऑर्डर झाली, बेलीफ आला, सामान बाहेर काढलं, असं माझ्यासमोरच्या घरभांडणांत फार थोड्या वेळा झालं. लोक त्याच्या कितीतरी आधी स्वतःच बाहेर पडतात. लाईट जाते, न्हाणीला कुलूप लागतं, विहिरीवर कळशी घेऊन गेलं की कोणीतरी काहीतरी बोलतं, मुलगी अभ्यासाला बसली की पलीकडच्या खोलीत टीव्ही मुद्दाम मोठा होतो, आणि एक दिवस बाई म्हणते जाऊ दे बाबा, दोन दिवस म्हापशाला बहिणीकडे राहून येते. ते दोन दिवस परत येत नाहीत. बेघर म्हटलं की आपल्याला बसस्टँडवर झोपलेला माणूस दिसतो, पण गोव्यातलं बेघरपण बहुतेक वेळा बहिणीच्या हॉलमध्ये चटईवर असतं, मग भाड्याच्या एका खोलीत, मग त्याहून लांबच्या खोलीत, आणि ते कोणाच्या कागदावर चढत नाही. कोर्टात हक्क शाबूत असतो हो, पण हक्क घेऊन झोपायचं कुठे?

तर मीडिएशनचं काम त्या मधल्या तीनचार आठवड्यांत आहे. आणि तिथे मी पहिलं काय करते तर मालकीचा प्रश्न बाजूला काढून ठेवते. घर कोणाचं हा एक प्रश्न, आणि घराचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत कोण कुठे राहणार, पाणी कुठलं, लाईट कोणाची, चूल कुठे, हा दुसरा. माणसं हे दोन्ही एकत्र बांधून येतात म्हणून भांडण सुटत नाही, काकांना वाटतं खोलीत राहू दिलं म्हणजे हिस्सा कबूल केला, आणि विधवा भावजयीला वाटतं एक रात्र बाहेर राहिले तर हक्क गेला. दोघांचीही भीती खोटी आहे, पण सांगून पटत नाही, कागदावर लिहून दाखवावं लागतं: "या व्यवस्थेमुळे कोणाचाही हिस्सा कमी किंवा जास्त होत नाही." हे एक वाक्य मी जवळपास प्रत्येक करारात घालते आणि खरं सांगते, कित्येकदा त्या वाक्यानंतरच लोकांचे खांदे खाली येतात.

एक केस तुमच्यासारखीच होती म्हणून थोडी जवळून सांगते. थोरला भाऊ, त्याची बायको, आणि धाकट्या भावाची विधवा, तिला दोन मुलं. न्हाणीला कुलूप लागलं होतं, बाई शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायची. बसायचं कुठे हा पहिला वाद, पंचायतीत नको कारण खिडकीतून अख्खा वाडा बघणार, देवळाच्या मंडपात नको कारण तिथे कोण कमिटीवर आहे ते सगळ्यांना माहीत. शेवटी रविवारी शाळेचा एक वर्ग उघडून घेतला. चौथीच्या मुलांचे बाक, त्यावर साठीची माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, एका परीने बरंच झालं, त्या बाकावर बसून कोणाला फार ताठ राहता येत नाही. दोन रविवार नुसता जुना हिशोब, आईच्या आजारपणात कोणी किती खर्च केला, कोणी कौलं बदलली, नारळ कोणी पाडून विकले. मी मध्ये पडले नाही, हे बाहेर यायलाच लागतं. थोरला एकच म्हणायचा, तिने जावं. ती एकच म्हणायची, "म्हाका घर नाका, म्हजो वांटो जाय," मला घर नको, माझा वाटा हवा. आणि तिला घर तर हवंच होतं, रागाने म्हणायची.

तिसऱ्या रविवारी थोरल्याची बायको, जी तोपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती, ती हळूच म्हणाली, माटोळी बांधायचे हूक कोणाच्या वाट्याला येणार?

झालं, तिथे सगळं उघडं पडलं. बाहेरच्यांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, रानातली कंदमुळं, सुपाऱ्या बांधतात ती माटोळी, आणि आपल्याकडे चवथ मूळ घरात, सगळे भाऊ मुंबईहून पुण्याहून तिथेच येणार. थोरल्याला दोन खोल्यांची हाव नव्हती. त्याला भीती होती की ही हॉलमध्ये भिंत घालणार आणि गणपती वेगळा होणार, त्याच्या हयातीत घराण्याचा गणपती फुटला असं लोक म्हणणार. आणि दुसरी भीती, ती आपला अविभक्त हिस्सा कुठल्यातरी बाहेरच्या पार्टीला विकून मोकळी होईल, आजकाल असे खरेदीदार गावात फिरतातच. तिच्या मनात यातलं काहीच नव्हतं! तिला न्हाणीची चावी आणि स्वतःचा मीटर हवा होता, मुलगा बारावीला होता.

मग कागद एका दुपारी झाला. हॉल आणि देव्हारा सामाईक, भिंत नाही, चवथीचा खर्च आळीपाळीने. मागच्या दोन खोल्या, पडवीचा तुकडा आणि न्हाणी तिच्या वापराला, वाटणी होईपर्यंत. हिस्सा विकायचा झाला तर आधी घरातल्यांना लेखी विचारायचं, दोन्ही बाजूंनी. मीटरला थोरल्याने ना हरकत द्यायची (तसं बघितलं तर वीज कायद्यात मालक किंवा राहणारा कोणीही कनेक्शन मागू शकतो, पण घरातल्याने हरकत घेतली की फाइल रखडते, म्हणून ते लिहून घेतलेलं बरं). सही करायच्या वेळी थोरला म्हणाला देवाचा कौल घेतल्याशिवाय नाही. तिच्या बाजूने आलेला वकील हसला, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. चार दिवसांनी ग्रामदेवतेपुढे पाकळ्या लावल्या, उजवी पडली, सही झाली. डावी पडली असती तर काय, हे मला अजून लोक विचारतात. परत बसलो असतो, दुसरं काय.

आता कागदाची गोष्ट, ही नीट वाचा कारण इथे लोक फसतात. २०२३ च्या मीडिएशन कायद्यात कम्युनिटी मीडिएशनचं वेगळं प्रकरणच आहे, कलम ४३ आणि ४४. शेजाऱ्यांमध्ये किंवा कुटुंबांमध्ये शांतता बिघडेल असा वाद असेल तर दोन्ही बाजूंच्या आधीच्या संमतीने लीगल सर्व्हिसेसकडे अर्ज करायचा आणि तीन मीडिएटरचं पॅनल बसतं. पण त्यातून झालेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, तो शांततेसाठी आहे. म्हणजे काकांनी सही करून महिन्याने परत कुलूप लावलं तर त्या कागदावर बेलीफ येणार नाही. शिवाय या कायद्याची सगळी कलमं एकाच दिवशी लागू झाली नाहीत, टप्प्याने होतायत, तर अर्जाआधी जिल्हा लीगल सर्व्हिसेसच्या ऑफिसात विचारून घ्या. मी काय करते, तर बोलणी गावपातळीवर, आणि ठरलं की तोच मजकूर प्री-लिटिगेशन, म्हणजे दावा टाकायच्या आधीचं प्रकरण म्हणून लोकअदालतीत नेते. १९८७ च्या कायद्याखाली लोकअदालतीचा अवॉर्ड म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपील नाही, कोर्ट फी नाही. बोलणं शाळेच्या बाकावर, शिक्का लोकअदालतीचा, माझी पद्धत ही.

आणि माझी एक चूक पण सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. तीन भावांचं घर, धाकटा आत राहत होता, बाकी दोघे बाहेर. छान ठरलं, घर धाकट्याने ठेवायचं, दोघांना पाच वर्षांत हप्त्याने पैसे द्यायचे. रविवारची संध्याकाळ, सगळे खुश, मी तिघांच्या सह्या घेतल्या आणि घरी आले. बायकांच्या सह्या घेतल्या नाहीत! गोव्यात काम करणाऱ्या माणसाने ही चूक करायची म्हणजे कमाल. निम्मी मालकीण घरी बसलेली, तिच्या सहीशिवाय स्थावर मालमत्तेचा कागद काडीचा नाही. मधल्या भावाची बायको म्हणाली मला कोणी विचारलं? आणि तिचं बरोबरच होतं. ती रागावली, तिच्या माहेरच्यांनी बाजारभाव काढला, आकडा दुप्पट झाला, प्रकरण इन्व्हेंटरीला, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या प्रक्रियेला गेलं, तिथे वारसांमध्येच बोली लागते, जो जास्त बोलेल त्याला घर आणि त्याने बाकीच्यांना पैसे द्यायचे, धाकट्याची ऐपत नव्हती. तो आज भाड्याने राहतो. मला रस्त्यात भेटला की हसतो, मला ते हसणं बघवत नाही. तेव्हापासून पहिल्या बैठकीलाच मी फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा मागते, वारसांची यादी काढते आणि प्रत्येक नावासमोर जोडीदाराचं नाव लिहिते, कोण परदेशात असेल तर व्हिडिओ कॉल लावते. कॉलवर इंग्लंडमधल्या स्विंडनला नाईट शिफ्ट करून आलेला माणूस जांभया देत बोलतो, पण बोलतो.

मुंडकारांचं वेगळं आहे, त्यांच्यातलं कोणी हे वाचत असेल तर. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत त्याच्या संमतीने वर्षानुवर्षं राहत असलेला मुंडकार, त्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि घर विकत घ्यायचाही हक्क आहे, पंचायतीत ३०० चौरस मीटरपर्यंत, शहरात २०० पर्यंत, मामलेदाराकडे अर्ज. इथे मीडिएशनचा उपयोग वाट, विहीर, हद्द, किंमत यासाठी. पण एक गोष्ट पक्की, समझोत्याच्या नावाखाली कोणी भाडेकरू किंवा लीव्ह अँड लायसन्स असं लिहिलेला कागद पुढे केला तर सही करू नका, भाटकार कितीही गोड बोलू दे. मी स्वतः असा एक कागद टेबलावरून उचलून बाजूला ठेवलाय. मीडिएटरने कोणाची बाजू घ्यायची नसते हे मला शिकवलंय, पण हक्क सोडतोय हे समजल्याशिवाय कोणी सही करू नये हे बघणं माझं काम आहे, तो माणूस वकिलाला दाखवून आला की मग बघू.

भाड्याच्या घरांत वाद बहुतेक सीझनच्या तोंडावर येतात, सप्टेंबर-ऑक्टोबर, मालकाला तीच खोली टुरिस्टला द्यायची असते आणि भाडं दोनतीन महिने थकलेलं असतं. यात मालकाला राक्षस समजू नका, कित्येकदा तो पण त्याच खोलीच्या हप्त्यावर असतो. बोलून तारीख ठरते, मुलांची परीक्षा होईपर्यंत राहायचं, थकलेलं डिपॉझिटमधून वळतं करायचं, जाताना मालकाने पुढच्या घरासाठी चांगला शब्द टाकायचा. घर तेच राहिलं नाही तरी कुटुंब रस्त्यावर आलं नाही, माझ्या हिशोबात ती केस जमली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने कोविडच्या वेळी, २०२० ला, नियमच केला की भाडं थकल्याची केस कोर्टात टाकायच्या आधी मालकाने मीडिएशनला यायचं, आणि तो पुढे चालू ठेवला. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने ५६ दिवसांत घर जायची वेळ येणार असेल तर कौन्सिलने तेव्हाच मदत सुरू करायची. आपल्याकडे असं सक्तीचं काही नाही, लोक माझ्याकडे येतात तेव्हा सामान टेम्पोत असतं.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा कायदा आहे, त्यातलं ट्रायब्युनल सुनावणीआधी कन्सिलिएशन ऑफिसरकडे पाठवू शकतं आणि त्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा असतो. तो महिना सोन्याचा आहे. मुलगा-सुनेला बाहेर काढा असा अर्ज असतो पण बोलायला बसलं की कळतं सासूला औषधाचे पैसे आणि संध्याकाळी कोणीतरी चहा विचारावा एवढंच हवंय. आणि हा कायदा वापरून सुनेचा राहायचा हक्क सरसकट उडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये एस. वनिता केसमध्ये ते स्पष्ट केलंय, तर तसाही मधला रस्ता काढावाच लागतो.

आता जिथे मीडिएशन करू नये ते. मारहाण असेल तर नाही. बाई नवऱ्यासमोर बसून घाबरत "मला चालेल" म्हणते त्याला संमती म्हणत नाहीत, तिथे सरळ घरगुती हिंसाचार कायद्याखाली कलम १९ ची राहण्याची ऑर्डर, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन, प्रोटेक्शन ऑफिसर. गावातली शहाणी माणसं "मिटवा मिटवा" म्हणतात, त्यांचं ऐकू नका. आणि घर कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) किंवा सरकारी जागेत असेल तर घरातल्यांनी आपसात काहीही ठरवलं तरी वरून येणारी नोटीस थांबत नाही, तो लढा वेगळा.

तुमच्याबद्दल. तुमच्या चुलतभावाने हात उचलल्याचं तुम्ही लिहिलं नाही, नुसती धमकी आहे, म्हणून बसून बोलण्यासारखं आहे असं मला वाटतं. आईच्या नावाने अर्ज करा, बाईला लीगल सर्व्हिसेसचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, त्यांच्या १५१०० या नंबरवर फोन केला तरी कळेल. मीडिएटर तुमच्या वाड्यातला नको, काकांचा मित्र नको, तुमचाही नको. काकांना नोटीस पाठवायच्या आधी काकूंना भेटा, आईला पाठवा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही लिहिलंय तुम्ही फोनवर काकांना काय बोललात ते, आता ते परत घेता येणार नाही पण निदान पुन्हा नको. दोन दिवस मामाकडे जाऊन येतो असं आई म्हणेल, तर जाऊ द्या, पण तुम्ही घरात थांबा, खोली रिकामी ठेवू नका. आणि पहिल्या बैठकीत हिश्श्याचं काढू नका, मीटर, न्हाणी आणि चवथ, या तीनच गोष्टी. लाईटची जुनी बिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, वडिलांच्या नावाने त्या पत्त्यावर आलेलं काहीही, सगळ्याचे फोटो काढून ठेवा, आज रात्रीच, कारण कागदांची ती ट्रंक तुम्ही लिहिलंत तशी काकांच्या खोलीत असेल तर चवथीच्या साफसफाईत ती पहिली हलणार.